पोकेमॉन कार्डांचा जुना लॉट: छाटणी, ओळख आणि भाव (कामाच्या नोंदी)

लॉट १,१८४ नगांचा. दोन बुटांची खोकी आणि एक रिंगवाली फाइल. न्यू जर्सीहून परतलेल्या एका घरातला माल, १९९९ पासून २०२३ पर्यंतचा, सगळा एकत्र कालवलेला. किंमत २१,००० रुपये, एकरकमी, निवडायची मुभा नाही. काम डोंबिवलीत आणि तेही ऐन पावसाळ्यात. वेळ चुकली होती, हे दुसऱ्याच दिवशी कळलं.

१४ जून २०२५

फक्त मोजणी आणि पाठीवरून छाटणी. पुढचं चित्र बघायचंच नाही, असं ठरवून बसलं की हात भरभर चालतो. चित्र बघितलं की दर दहा कार्डांमागे एकदा थांबायला होतं.

इंग्रजी कार्डांची नेहमीची निळी पाठ: १,०१२. जपानी: ३८ (जुनी पाठ ११, नवी २७). टॉप्स कंपनीची, कार्टूनमधली चित्रं असलेली: ४७. सोनेरी चमकीची: ५५. यू-गी-ओ (दुसऱ्याच खेळाची कार्डं): १९. पाकिटातून निघणारी कोड कार्डं: १३.

सोनेरी ५५ म्हणजे खेळण्यांच्या दुकानात मिळणारं एक अख्खं पाकीट. संग्रहाच्या दृष्टीने किंमत शून्य. धातूची खरी कार्डं निघालेली आहेत (२०२१ च्या सेलिब्रेशन्स या सेटच्या, म्हणजे एकत्र काढलेल्या कार्डांच्या मालिकेच्या, मोठ्या पेटीत पिकाचू आणि चॅरिझार्ड होते), पण ती हातात घेतली की पत्र्यासारखी जड लागतात, प्लॅस्टिकसारखी लवचीक नसतात. टॉप्सची कार्डं अस्सल आहेत, पण ती खेळाची नाहीत. त्यांचा भाव वेगळ्या यादीत बघायचा. यू-गी-ओचं कार्ड ५९ × ८६ मिमी, पोकेमॉनचं ६३ × ८८. गठ्ठा उभा ठोकला की ती आपोआप खाली बसतात, एकेक शोधत बसावं लागत नाही.

वेळ: साडेचार तास.

१५ जून

काल छाटलेल्या गठ्ठ्यांतली होलो (चमकत्या चित्राची) कार्डं रात्रीत वाटीसारखी वाकली. कडा चित्राच्या बाजूला वर आल्या. खोलीतली आर्द्रता ८४ टक्के. कारण साधं आहे: होलो कार्डात चित्राखाली चमकीचा थर असतो, तो ओल शोषत नाही. मागचा कागद शोषतो आणि फुगतो. साधी कार्डं दोन्ही बाजूंनी सारखी फुगतात म्हणून सपाट राहतात.

घाईत केलेली चूक: हवाबंद डब्यात २०० ग्रॅम सिलिका जेल टाकून सगळी होलो बंद केली.

१६ जून

डब्यात ३१ टक्के. कार्डं आता उलटी वाकली, घुमटासारखी. म्हणजे कागद गरजेपेक्षा जास्त सुकला. जेल काढून ६० ग्रॅम ठेवलं, आर्द्रतामापक डब्याच्या आतच ठेवला (बाहेर ठेवून काहीही कळत नाही). तिसऱ्या दिवशी ४८ ते ५२ वर स्थिरावलं. आठवडाभरात बहुतेक होलो सपाट झाली. चार मात्र किंचित वाकलेलीच राहिली.

इथून पुढचा नियम: डबा ५० टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय एकही होलो स्लीव्हमध्ये (एका कार्डाच्या पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात) घालायचं नाही. दमट कार्ड स्लीव्ह आणि टॉपलोडरमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये) कोंडलं तर ओल आतच राहते. वजनाखाली दाबून सपाट करायच्या फंदात पडू नका, पृष्ठभागावर ठसे उठतात.

२१ जून

नकली वेगळी काढायचा दिवस. आधी खात्रीची वीस कार्डं बाजूला ठेवली, पाकीट समोर फोडलेलं असलेली. प्रत्येक संशयित त्यांच्याशीच ताडून बघायचं, आठवणीशी नाही.

वजन: खात्रीची वीस १.७० ते १.८४ ग्रॅममध्ये. नकली बहुतेक १.३८ ते १.६२. पण शेवटी जी नकली ठरली त्यातली ९ अस्सलच्याच वजनात बसली होती. म्हणून काट्यावर ‘अस्सल’ असा निकाल देता येत नाही. काटा फक्त शंका दाखवतो. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा, स्वयंपाकघरातला चालत नाही.

उजेड: मोबाइलचा टॉर्च कार्डामागे धरायचा. अस्सल कार्डाच्या दोन कागदांमध्ये काळसर थर असतो, त्यामुळे उजेड कमी येतो. नकलीतून चित्र कंदिलासारखं उजळतं. ६० पट भिंगातून कड बघितली तर हाच थर बारीक काळ्या रेघेसारखा दिसतो. हात बसायला दोन तास लागले, पण सगळ्यात उपयोगी पडली ती हीच तपासणी.

अक्षरं: भिंगाखाली अस्सल कार्डावरची काळी अक्षरं सलग काळी दिसतात. स्कॅन करून छापलेल्या नकलीत अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली असतात. शिवाय पोकेमॉन या शब्दातल्या ‘ई’वरची तिरपी रेघ गायब, पाठीचा निळा जांभळ्याकडे झुकलेला, एनर्जीची चिन्हं लहानमोठी. व्हीमॅक्स आणि फुल आर्ट (अलीकडच्या, कार्डभर चित्र असलेल्या) कार्डांवर बोटाच्या ठशासारख्या उठावदार रेघा असतात, नख हलकं फिरवलं की खरखर लागते. नकली गुळगुळीत.

निकाल: १,०१२ पैकी ८६ नकली. त्यात पहिल्या आवृत्तीचा शिक्का असलेला बेस सेटचा (पहिला इंग्रजी सेट) चॅरिझार्ड ४/१०२ (सेटमधल्या १०२ पैकी चौथं कार्ड) पण होता. लॉट दाखवताना तोच सर्वांत वर ठेवलेला होता. एक नकली कार्ड फाडून बघितलं: मधे थर नाही, सरळ पांढरा कागद. संशयित कार्ड फाडू नका. जे इतर सगळ्या तपासण्यांत नापास झालंय तेच फाडा.

सीलबंद माल नको, हे या कामापुरतं आधीच ठरवलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकन यूट्यूबर लोगन पॉलने ३५ लाख डॉलरना घेतलेल्या पहिल्या आवृत्तीच्या ‘सीलबंद’ खोक्यात जी. आय. जोची कार्डं निघाली. खोकं आधी तपासून घेतलेलं होतं.

वेळ: साडेनऊ तास, दोन दिवसांत मिळून.

२८ जून

उरली ९२६. आता काळाप्रमाणे गठ्ठे. इथे सर्वांत मोठी चूक झाली आणि पूर्ण दिवस गेला: छाटणी चित्रावरून केली. बेस सेटचा म्हणून १९० कार्डांचा गठ्ठा पडला. तेवढ्या आनंदात भाव बघायलाही सुरुवात झाली होती.

२९ जून

तो गठ्ठा परत उपसला. तीच चित्रं पुन्हा पुन्हा छापली गेली आहेत, त्यामुळे चित्रावरून सेट कळत नाही. बघायच्या तीन जागा: चित्राखाली उजवीकडचं सेटचं चिन्ह, खालच्या कोपऱ्यातला आकडा आणि तळाची कॉपीराइटची ओळ. सर्वांत भरवशाचा आकडा, तोही तिरप्या रेघेनंतरचा.

विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या (२००३ पर्यंत इंग्रजी कार्डं काढणारी कंपनी) काळातले हाताशी हवे असे आकडे: बेस १०२, जंगल ६४, फॉसिल ६२, बेस सेट २ चा १३०, टीम रॉकेट ८२, लेजंडरी कलेक्शन ११०.

१९० मधून निघालं ते असं. बेस सेट २ ची ६१ कार्डं: चित्र तेच, आकडा /१३०, चिन्ह पोकेबॉलवर २. त्यात चॅरिझार्ड ४/१३०, उजव्या खालच्या कोपऱ्याला घडी. २०१६ च्या इव्होल्यूशन्सची ९: मुद्दाम जुन्यासारखी केलेली, आकडा /१०८, तिथला चॅरिझार्ड ११/१०८. आणि सेलिब्रेशन्सचा चॅरिझार्ड. हा सर्वांत फसवा, कारण त्यावर आकडा ४/१०२ असाच आहे. ओळखायची खूण म्हणजे चित्राखालचं २५ व्या वर्षाचं पिकाचूचं चिन्ह. मूळ बेस सेटला चिन्हच नाही.

म्हणून ‘चिन्ह नाही म्हणजे बेस’ असा नियम केला. आणि तोही फसला. होलो जोल्टिऑनला चिन्ह नव्हतं म्हणून तो बेसमध्ये गेला. आकडा बघितला तर ४/६४, म्हणजे जंगल. जंगलच्या साध्या छपाईतल्या होलोंमध्ये काही कार्डांवर चिन्ह छापायचं राहून गेलं होतं, त्यातलं हे. चुकीची छपाई असल्याने नेहमीच्यापेक्षा भाव जास्त. चित्रावरून छाटून बेसमध्येच ठेवला असता तर साध्या भावाने गेला असता.

विझर्ड्सच्या काळातला शेवटचा हिशोब, एकूण ३१२: बेस ११८, जंगल ४६, फॉसिल ३९, बेस सेट २ ची ६१, टीम रॉकेट २७, जिम आणि निओ हे सेट मिळून २१. बाकीची २००३ नंतरची ६१४.

५ जुलै

बेसची ११८ कार्डं छपाईप्रमाणे. इंग्रजी बेस सेट ९ जानेवारी १९९९ ला आला आणि त्याच्या छपाया वेगवेगळ्या आहेत. भावातला फरक इथेच पडतो.

पहिली आवृत्ती: चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्याजवळ काळा गोल शिक्का. नंतरची ‘शॅडोलेस’: शिक्का नाही, आणि चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावली पण नाही, रंग फिके, एचपीचा (वर छापलेल्या ताकदीचा) आकडा बारीक. तिसरी ‘अनलिमिटेड’: सावली आहे. सावली दिसते की नाही यावर डोळे भांडतात, म्हणून तळाची ओळ वाचायची. शॅडोलेसवर ‘१९९५, ९६, ९८, ९९’ असं आहे. अनलिमिटेडवर ‘९९’ गळलं आहे, ‘१९९५, ९६, ९८’ एवढंच. विझर्ड्सच्या नावापुढे ‘१९९९-२०००’ असेल तर ती आणखी नंतरची, चौथी छपाई. भिंग घेऊन ११८ ओळी वाचायला दीड तास लागला, आणि तो दीड तास वाचवू नका. शॅडोलेस निघाली ४, सगळी साधी, होलो एकही नाही.

मचॅम्प ८/१०२ वर पहिल्या आवृत्तीचा शिक्का. हा शिक्का बघून उड्या मारू नयेत. दोघांनी खेळायच्या स्टार्टर सेटमध्ये तो शिक्क्यासकट भरपूर वाटला गेला. त्यातही सावली असलेला आणि नसलेला असे दोन आहेत, आपला सावलीवाला. म्हणजे ४ शॅडोलेस, १ मचॅम्प, ११३ अनलिमिटेड.

१२ जुलै

कंडिशन. एका टेबललॅम्पचा उजेड तिरका टाकायचा, कार्ड हळूहळू फिरवायचं. समोरून बघून जी सात होलो ‘नवीकोरी’ वाटली होती, त्यातल्या पाचांवर तिरक्या उजेडात केसासारखे ओरखडे होते. मग पाठ: निळ्या कडेवरचे पांढरे टवके. कोपरे भिंगाखाली. शेवटी घडी: कार्ड आडवं धरून उजेडाची रेघ तुटते का बघायचं.

व्हीनसॉर १५/१०२ वर चिकट डाग होता. किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसला. डाग गेला, पण जागा धुरकट झाली आणि बारीक गोल ओरखडे उठले. ‘लाइटली प्लेड’ (थोडं वापरलेलं) होतं ते ‘मॉडरेटली प्लेड’ (मध्यम वापरलेलं) झालं. अंदाजे १,६०० रुपयांचं नुकसान, तीस सेकंदांत. यानंतर साफसफाई बंद. धूळ उडवायला हवेचा छोटा फुगा, बस्स.

रिंगच्या फायलीतल्या कार्डांची वेगळीच तऱ्हा: प्रत्येक पानावर रिंगेच्या बाजूच्या रांगेतल्या तीनही कार्डांना अर्धगोल दाब. गोल रिंगवर पानं चढतात आणि रिंग आतल्या कार्डांत घुसते. एकाच खिशात दोन-दोन कार्डं कोंबल्याने कोपरेही गेलेले. फायलीतल्या १४४ पैकी ३७ कार्डांवर हा ठसा. फायली विकत घेताना आधी हीच रांग तपासा.

१९ जुलै

पहिला अंदाज: १,८६,००० रुपये. साफ चुकलेला. तीन कारणं एकत्र आली. लोक जो भाव मागत होते तो धरला, विकला गेलेला नाही. काही ठिकाणी शोधात पहिल्या आवृत्तीची कार्डं मिसळली. आणि सगळी कार्डं नवीकोरी धरली.

२० जुलै

परत पहिल्यापासून. पद्धत: ईबेवर फक्त ‘विकलेले’ हे फिल्टर लावून शेवटचे पाच व्यवहार, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून मधल्या तिघांची सरासरी. त्याशेजारी टीसीजीप्लेअर या अमेरिकी कार्डविक्रीच्या साइटचा मार्केट भाव. दोघांत २० टक्क्यांहून जास्त फरक आला तर बहुधा आपणच चुकीची छपाई बघत असतो. नऊपैकी सात वेळा तसंच निघालं. शोधताना नावाबरोबर आकडा पूर्ण टाकायचा. डॉलर ८६ रुपये धरला. कार्डमार्केटचे भाव युरोपातले आहेत आणि तिथल्या कंडिशनच्या पायऱ्या वेगळ्या आहेत (तिथे ‘एक्सलंट’ आणि ‘गुड’ या पायऱ्या मधे येतात), म्हणून ते फक्त शंका आली तर बघितले.

कंडिशनप्रमाणे थेट व्यवहार न सापडल्यास या लॉटपुरतं धरलेलं: लाइटली प्लेड ८० टक्के, मॉडरेटली ६०, हेविली ४०, घडी किंवा पाण्याचा डाग २५. पहिल्या वीस कार्डांना हे टक्के लावलेच नाहीत, त्यांचे व्यवहार एकेक शोधले.

४० रुपयांखालच्या कार्डाचा भाव वेगळा बघायचा नाही, हा नियम आधीच केला असता तर एक रविवार वाचला असता. ७१० कार्डं त्यात गेली. ती शेकड्याने.

नवा आकडा: ६१,४०० रुपये. त्यातले ४४,२०० फक्त १४ कार्डांचे: चॅरिझार्ड ४/१३०, ब्लास्टॉइज २/१०२, गेंगार ५/६२, ड्रॅगनाइट ४/६२, तो बिनचिन्हाचा जोल्टिऑन, आणि अशीच. उरलेली ९१२ मिळून १७,२००.

२७ जुलै

नवी कार्डं, २०२० नंतरची २८७. इथे ओळख सोपी: खालच्या डाव्या कोपऱ्यातलं रेग्युलेशनचं अक्षर (स्पर्धेत कोणती कार्डं चालतात ते ठरवणारं), डी पासून पुढे. मार्च २०२३ च्या स्कार्लेट अँड व्हायोलेटपासून इंग्रजी कार्डांची पिवळी कड जाऊन करडी आली, म्हणून तो गठ्ठा लांबूनही वेगळा होतो. तिथे चांदण्या बघायच्या: एक सोनेरी म्हणजे इलस्ट्रेशन रेअर, दोन सोनेरी म्हणजे स्पेशल इलस्ट्रेशन रेअर, दोन काळ्या म्हणजे डबल रेअर. डबल रेअर ‘ईएक्स’ बघून मुलं खूश होतात, पण ती भरपूर निघतात. आकडा सेटच्या संख्येपेक्षा मोठा असेल तर थांबून बघायचं. या गठ्ठ्यात तसं एकच भारी निघालं: १५१ सेटमधला पिकाचू १७३/१६५.

२ ऑगस्ट

ग्रेडिंगचा (कंपनीकडे पाठवून कार्डाला दहापैकी गुण घेण्याचा) हिशोब. तीन उमेदवार: गेंगार, ब्लास्टॉइज, पिकाचू. फी, मध्यस्थाचं कमिशन, विमा, अमेरिकेला जायचा-यायचा खर्च मिळून एका कार्डामागे ४,३०० रुपये पडत होते, परतीची कस्टम ड्युटी वेगळी.

गेंगार ६०० डीपीआयवर स्कॅन केला. डावी कड ६२ पिक्सेल, उजवी ७८. बेरीज १४०, म्हणजे ५६/४४. पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या १० ला पुढून साधारण ५५/४५ लागतं. शिवाय पाठीवर दोन टवके, म्हणजे ९ पण अवघड. ब्लास्टॉइज ओरखड्यांमुळे ६-७ च्या पुढे जात नव्हता. पिकाचूच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. ९ आला तर मिळणाऱ्या भावात ग्रेड न केलेल्या कार्डाची किंमत अधिक ४,३०० सुद्धा निघत नव्हते. तिन्ही रद्द. मोजणीचा वेळ प्रत्येकी वीस मिनिटं. पाठवून पस्तावण्यापेक्षा स्वस्त.

स्कॅनरची काच आधी पुसा. गेंगारवर दिसलेला तिसरा ओरखडा काचेवरचा होता.

९ ऑगस्ट

साठवण. १४ भारी कार्डं: स्लीव्ह, मग टॉपलोडर. स्लीव्हशिवाय टॉपलोडरमध्ये घालू नये, आत-बाहेर होताना कड घासते. बाकीची होलो आणि दुर्मीळ कार्डं बाजूने उघडणाऱ्या खिशांच्या, बिनरिंगच्या, पीव्हीसी नसलेल्या बाइंडरमध्ये. त्याआधी ३२० रुपयांची रिंगवाली फाइल घेऊन झाली होती, १२ जुलैच्या नोंदीनंतर ती बिलं ठेवायला गेली. शेकड्याची कार्डं हवाबंद डब्यांत उभी, आडवी रचली की खालची दबतात.

खर्च: स्लीव्ह ६०० नग १,०८०, टॉपलोडर ५० नग १,१००, बाइंडर १,४५०, डबे दोन ७८०, आर्द्रतामापक ३५०, सिलिका जेल २२०, काटा ४८०, भिंग २६०, वाया गेलेली फाइल ३२०. एकूण ६,०४०. लॉट धरून २७,०४०. वेळ ५८ तास, त्यातले साधारण १४ तास चित्रावरून केलेली छाटणी आणि मागितलेले भाव निस्तरण्यात.

पूर्ण लॉट एकदम देण्यासाठी आलेली बोली ६१,४०० च्या ६० टक्क्यांची, ३६,८४०. चौदा कार्डं सुटी आणि बाकीचं एकगठ्ठा असं विकायचं ठरलंय. ८६ नकली आणि ५५ सोनेरी कोणालाही द्यायची नाहीत. फुकट दिली तरी ती पुढच्या कुणाच्या तरी लॉटमध्ये वर ठेवलेली सापडतात. पाठीवर मार्करने फुली मारून वेगळ्या पिशवीत.

जपानी ३८ अजून तशीच आहेत. जुन्या पाठीची ११ आधी घ्यायची. सगळ्यात पहिल्या छपाईवर दुर्मीळतेचं चिन्हच नसतं, तेवढं बघायचं.